धुराचं उत्कृष्ट नियोजन

मी पाण्याचा माणूस आहे. पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. शहरातल्या निम्म्या नळांचं पाणी माझ्या पेन्सिलीला विचारून वळतं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. त्यामुळे आमच्या शेगडीवर धूर ओढणारी चिमणी बसवायची ठरली आणि तिचा पाइप कुठून बाहेर काढायचा हा प्रश्न निघाला, तेव्हा तो अगदी योग्य माणसाच्या घरी निघाला, असं माझं प्रामाणिक मत होतं. हवा म्हणजे तरी काय? पातळ पाणीच की.

चिमणी हौसेची नव्हती. आईची खोली स्वयंपाकघराला लागून आहे आणि आईला दमा आहे. कढईत काही तळायला टाकलं की पलीकडे तिचा खोकला सुरू. शेवटी शेवटी बायको कढई चढवायच्या आधी दारात जाऊन विचारायची, "आई, टाकू का?" आणि आई म्हणायची, "टाक गं, मी तोंड फिरवून बसते." असं तोंड फिरवून बसता बसता गेल्या महिन्यात तिचा श्वास इतका चढला की डॉक्टरांनी धुरापासून लांब ठेवा म्हणून सांगितलं आणि धाकटा भाऊ तिला आपल्या घरी घेऊन गेला. त्यांच्याकडे धुराचा प्रश्नच नाही. ते सगळं उकडून खातात आणि संध्याकाळी साडेसहाला जेवून मोकळे होतात. आई रोज सकाळी फोन करायची. प्रकृती छान आहे म्हणायची, आणि मग हळूच विचारायची की आज तुमच्याकडे काय केलंय.

त्यातच भावाने तिच्यासाठी नवा पलंग करायला टाकला. आईने मला बाजूला घेतल्यासारख्या आवाजात फोनवर सांगितलं, "पुढच्या रविवारी पलंग येतोय. एकदा आला की मग मला निघता यायचं नाही, बरं दिसत नाही ते. त्याच्या आत काय करायचं ते कर." म्हणजे माझ्या हातात तेरा दिवस होते. मी तिला म्हटलं, तू बॅग भरायला घे.

चिमणी घेतली त्या दुकानाचा फिटर दुसऱ्याच दिवशी हजर झाला. शिडी, ड्रिल आणि एक सहा इंची पाइप, एवढंच सामान. त्याने शेगडीकडे बघितलं, मान वर केली, उजवीकडे वळवली आणि म्हणाला की इथून वर, एक वळण, चार फूट सरळ आणि या बाहेरच्या भिंतीतून बाहेर. अर्ध्या तासाचं काम. असं म्हणून त्याने भिंतीवर जिथे बोट ठेवलं, तिथे माझी फ्रेम होती.

फ्रेमबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवण्याची योजना माझ्या हातची. तिच्याबद्दल खात्याने मला मानपत्र दिलं: 'उत्कृष्ट नियोजनाबद्दल'. दोन फूट बाय दीड फूट, काच लावलेलं, खाली तीन सह्या, त्यातली एक वाचता येते. हे मानपत्र स्वयंपाकघरात का, असा प्रश्न पाहुण्यांना पडतो. कारण बाहेरच्या खोलीत लावलं तर मिरवल्यासारखं दिसतं. आम्ही जेवायला स्वयंपाकघरातच बसतो, आणि माझ्या खुर्चीवरून ते बरोबर समोर येतं. बस, इतकंच.

तेव्हा मी फिटरला समजावून सांगितलं की घाई करू नये, हे काम भोक पाडण्याचं नसून नियोजनाचं आहे. तो म्हणाला, नियोजन झालं की फोन करा. शिडी उचलताना तो बायकोकडे बघून हसला असा मला संशय आहे. बायको म्हणते की तो हसला नाही, तीच हसली.

बाहेरच्या भिंतीला हात लावायचा तर सोसायटीची परवानगी हवी. आमचे सेक्रेटरी कागदाशिवाय श्वासही घेत नाहीत. त्यांनी अर्ज मागितला, तीन प्रतींत नकाशा मागितला, आणि नकाशा बघून विचारलं की धूर भिंतीच्या बाहेर पडल्यावर पुढे कुठे जाणार, ते यात दाखवलेलं नाही. असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. मी घरी येऊन वाऱ्याच्या चार दिशांचे चार बाण काढले, प्रत्येक बाण वेगळ्या रंगात. मग त्यांनी वरच्या मजल्यावरच्या बाईंची हरकत नसल्याची सही आणायला सांगितली. बाईंनी सही दिली, पण खाली एक ओळ लिहून: मासे तळायचे असतील त्या दिवशी सकाळीच कळवावे, म्हणजे वाळत घातलेले कपडे आत घेता येतील. सेक्रेटरींनी त्या ओळीवर शिक्का मारला आणि तिसऱ्या दिवशी परवानगीचं पत्र माझ्या हातात ठेवलं.

तीन दिवसांत सोसायटीचं पत्र मिळालेलं आमच्या इमारतीत कुणी पाहिलेलं नाही. मला तर ते जरा लागलंच. इतक्या लवकर परवानगी मिळाली की माणसाला पुढचं काम करावं लागतं, आणि पुढचं काम म्हणजे फ्रेमच्या जागी भोक. मी पत्र घडी करून माझ्या टेबलाच्या खणात नीट ठेवून दिलं. घरी बायकोने विचारलं, सोसायटीचं काय झालं? मी म्हटलं, सोसायटीचं तुला माहीतच आहे. यात एक अक्षर खोटं नाही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये जे गृहस्थ राहतात त्यांना आम्ही घरात 'अनुभवी' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव असा आहे" इथून सुरू होतं. त्यांनी स्वतः चिमणी कधी बसवलेली नाही, त्यांचा अनुभव सर्वसाधारण स्वरूपाचा आहे. ते चहाला आले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले की त्यांचा अनुभव असा आहे, एकदा बाहेरच्या भिंतीला भोक पाडलं की पावसाचं पाणी आत येतं. मला हे शब्द अमृतासारखे लागले. पाणी आत येण्याची गोष्ट पाण्याच्या माणसाने दुर्लक्षित करावी? मी बायकोला म्हटलं, ऐकलंस ना? ती म्हणाली, भोकाला बाहेरून झडप असते. अनुभवींनी झडपांबद्दलही त्यांचा अनुभव सांगितला. तो वाईट होता.

मग मी बसलो. चांगला मोठा कागद, तासलेली पेन्सिल, एकास वीस प्रमाण. बाहेरच्या भिंतीला धक्का न लावता पाइप असा नेला: चिमणीतून वर, तिथून डावीकडे, आईच्या खोलीच्या भिंतीतून पलीकडे, तिच्या खोलीत छताखालून आडवा, कपाटाला वळसा घालून मागे, आणि शेवटी संडासाच्या झरोक्यातून बाहेर. एकोणीस फूट, पाच वळणं, आणि भोक फक्त घरातल्या घरात. घरातल्या भिंतींना परवानगी लागत नाही. रेषा इतकी देखणी उतरली होती की मी तो नकाशा दोन दिवस कुणाला दाखवत फिरलो नाही, नुसता जवळ ठेवला.

बायकोने मात्र तो बघितला आणि म्हणाली, "अहो, धूर आईंच्या खोलीत येऊ नये म्हणून चिमणी, आणि पाइप आईंच्याच खोलीतून?"

मी तिला शांतपणे सांगितलं की नळाचं पाणी आपल्या भिंतीतून जातं म्हणून भिंत भिजते का? पाइपच्या आत असलेली वस्तू ही कायद्याने बाहेरच असते. यावर ती भाजी निवडायला बसली. तिला पटलं असं मी तेव्हा धरून चाललो.

पत्र्याचे पाइप बनवणारा कारागीर जुना माणूस होता, खात्याच्या ओळखीतला. त्याने नकाशा सरळ धरला, उलटा धरला, आणि एका जागी बोट ठेवून म्हणाला, "साहेब, चिमणीचं तोंड सहा इंचाचं आहे. तुम्ही लगेच चार इंची पाइप दाखवलाय." मला या प्रश्नाचीच वाट होती. मी त्याला बेसिनपाशी नेलं, नळाला रबरी नळी लावली आणि तिच्या तोंडावर अंगठा दाबून दाखवला. तोंड लहान केलं की पाणी लांब जातं, हे पोरंसोरंही जाणतात. एकोणीस फूट जायचं तर जोर हवा, जोर हवा तर पाइप अरुंद हवा. पाणी खरोखरच लांब गेलं. कारागिराच्या सदऱ्यावर गेलं. त्याने सदरा पिळला, म्हणाला पाण्याचं पटलं साहेब, आणि चार इंची पाइप बनवून आणला. 'पाण्याचं' या शब्दावर त्याने जो भर दिला होता, तो मी त्या वेळी ध्यानात घ्यायला हवा होता.

भिंत फोडताना थोडं इकडेतिकडे झालं. नकाशात भोक चार इंचांचं होतं. पहिली वीट निघाली ती दोन बहिणींना बरोबर घेऊन निघाली, आणि आईच्या पलंगासमोरच्या भिंतीला चांगलं फूटभर खिंडार पडलं. त्यातून स्वयंपाकघरातलं डब्यांचं फडताळ स्वच्छ दिसू लागलं. कारागीर म्हणाला, मागून भरून घेऊ, आणि तोवर त्याने पाइपभोवती गोणपाट घट्ट कोंबलं. कपाट हलवावं लागलं, ते हलवताना त्याचा एक पाय राहिला, म्हणून त्याखाली माझ्या जुन्या नकाशांची गुंडाळी घातली. संडासाच्या झरोक्यात पाइपचं तोंड बसवून भोवती प्लायवूड ठोकलं, त्यामुळे संडासात दिवसाही अंधार झाला. अनुभवी बघून गेले. त्यांचा अनुभव असा होता की काम चाललं असताना असंच दिसतं.

शेवटचा हात म्हणून मी स्वयंपाकघराची खिडकी रबराची पट्टी लावून घट्ट बंद केली आणि दाराच्या फटीलाही पट्टी मारली. आईच्या खोलीत धुराचा एक धागा जायला नको होता. काम करायचं तर पुरतं करावं, असा माझा स्वभाव आहे.

शुक्रवारी संध्याकाळी चाचणी ठेवली. चाचणी म्हटली की प्रेक्षक लागतात. अनुभवी आले, सेक्रेटरी एक वही घेऊन आले, कारागीर दाराशी उभा राहिला. वरच्या बाईंना सकाळीच कळवलं होतं. बायकोने कढईत तेल तापवलं आणि मासे सोडले. मी, जरा खाकरून, चिमणीचं बटण दाबलं.

चिमणी सुरू झाली यात वाद नाही. पण तिचा आवाज मला अपेक्षित होता तसा घरघरता, भरीव आला नाही. एक बारीक शिट्टी, मग एक धाप, मग पुन्हा शिट्टी. मी म्हटलं, नवी आहे, गळा मोकळा होईल. चिमणी ओढते की नाही हे दाखवायला जाळीखाली कागद धरतात, तो चिकटला पाहिजे. मी सेक्रेटरींच्या वहीतलं पान मागून घेतलं आणि धरलं. पान क्षणभर विचार करत थांबलं आणि कढईत पडलं.

त्यानंतर धूर वाढला. जळक्या कागदाचा, तेलाचा, माशांचा. सगळे मागे सरले, आणि दार उघडायला गेले तर दार उघडेना. चिमणीने आतली होती नव्हती ती हवा ओढली होती आणि दार बाहेरून कुणी दाबून धरावं तसं बसलं होतं. कारागिराने खांदा लावला तेव्हा ते उघडलं. सेक्रेटरी खोकत बाहेर आले, खोकत वहीत काहीतरी लिहिलं आणि खोकतच गेले. बायको पदर नाकाला लावून सरळ आईच्या खोलीकडे गेली. तिने दार उघडलं.

खोली धुराने भरली होती. पाइपच्या प्रत्येक सांध्यातून तो शांतपणे गळत होता, पाचही वळणांवर. जेवढा धूर चिमणीने ओढला होता तेवढा सगळा मी एकोणीस फूट लांबून, नकाशा काढून, आणून आईच्या पलंगावर सोडला होता. बायकोने तिची उशी उचलून वास घेतला आणि माझ्या हातात दिली. मी बाथरूममध्ये जाऊन तो अभ्रा स्वतः धुतला. दोनदा धुतला, वास जाईना. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. आई इथे झोपलेली असती तर?

रात्री जेवताना मात्र मी सावरलो होतो. चाचणीचा हेतू दोष शोधणं हाच असतो आणि तो सफल झाला, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मासे घ्या.

शनिवारी सकाळी ठरल्या वेळी आईचा फोन आला. बॅग भरून झाली होती. मी म्हटलं, काम पूर्ण होत आलंय, फक्त चिमणी जरा आवाज करते.

"कसला आवाज?"

मी फोन स्पीकरवर टाकला, जाळीखाली धरला आणि बटण दाबलं. शिट्टी, धाप, शिट्टी. आई बराच वेळ ऐकत राहिली.

"बंद कर ती," ती म्हणाली. "अरे, तिला दमा आहे."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "हा आवाज मला तू सांगायचास होय? बारा वर्षं मी हाच काढतेय. पाइप केवढा आहे?"

मी सांगितलं. वळणं किती, ते सांगितलं. खिडकी उघडी आहे का, तेही तिने विचारलं, आणि मी पट्टीचं सांगितलं.

"डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशी चित्र काढून दाखवलं होतं," आई म्हणाली. "छातीतल्या नळ्या अरुंद झाल्या की हवा जात नाही. जोर वाढत नाही रे, जीव जातो. आणि बाहेरची हवा आतच आली नाही तर ती बिचारी ओढणार काय? तू तिचं नाक दाबलंस, गळा आवळलास आणि वर पाच ठिकाणी मान मुरगळलीस." मग तिने विचारलं, "सरळ बाहेरच्या भिंतीतून का नाही काढलास?"

मी जाळी पुसायला घेतली. बायको शेजारीच उभी होती. ती फोनकडे वाकून हळू आवाजात म्हणाली, "तिथे यांची फ्रेम आहे, आई."

आई एवढंच म्हणाली, "बरं."

या 'बरं'चं वजन किती असतं ते आईच्या तोंडून ऐकलेल्यालाच कळतं. ओरडली असती तर मी सोसायटी, पाऊस, अनुभवी, सगळं पुढे केलं असतं. 'बरं'पुढे काय करणार? मला माझीच लाज वाटली, अगदी कानापर्यंत. मी खण उघडला, सेक्रेटरींचं पत्र काढलं आणि बायकोसमोर टेबलावर ठेवलं. तिने तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पत्राची घडी पुन्हा नीट केली. "फिटरला मी फोन करते," ती म्हणाली. "तुम्ही फ्रेम उतरवा."

फ्रेम मीच उतरवली. तिच्यामागे भिंतीचा रंग अजून मूळचा होता, दोन फूट बाय दीड फूट. फिटर आला, त्या चौकोनाच्या बरोबर मध्ये त्याने ड्रिल लावलं, सहा इंची पाइप, एक वळण, चार फूट सरळ, बाहेर झडप. मी घड्याळ लावून बसलो होतो. त्याला अर्धा तास नाही, चाळीस मिनिटं लागली, हे इथे मुद्दाम नोंदवतो. खिडकीची पट्टी बायकोने काढली. बटण दाबलं तर चिमणीने असा खोल, स्वस्थ श्वास घेतला की फिटरने धरलेला कागद जाळीला पटकन चिकटला. कारागिराने येऊन जुना पाइप उतरवून नेला. खिंडार भरायला मात्र त्याला आठवडाभर सवड नव्हती.

रविवारी सकाळी पलंग भावाच्या घरी गेला आणि आई आमच्या घरी आली. भावाला तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्याने पलंग स्वतःसाठी ठेवून घेतला आणि चार दिवसांनी आपली दुखरी पाठ बरी झाली म्हणून मला फोन केला. आईने आल्या आल्या खोली बघितली नाही. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि बायकोला म्हणाली, "टाक गं." मासे कढईत पडले. आई तोंड न फिरवता बसून राहिली. मी तिच्या छातीकडे बघत होतो, बायको तिच्या चेहऱ्याकडे, आणि आई कढईकडे. बायकोने मासे उलटले. मग आई म्हणाली, "जरा कुरकुरीत होऊ दे." मी उठून बाहेर गेलो, कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. धूर नक्कीच नव्हता, धूर त्या घरात आता शिल्लकच नव्हता.

जेवणानंतर ती आपल्या खोलीत गेली आणि तिला समोरच्या भिंतीतलं खिंडार दिसलं. मी लगेच सांगायला लागलो की आठवड्यात भरून घेतो, तोवर पडदा लावू, किंवा कॅलेंडर. आईने खिंडाराकडे बघितलं, कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या माझ्या फ्रेमकडे बघितलं आणि म्हणाली, "ती आण इकडे."

खिळा मी ठोकला. दोन फूट बाय दीड फुटाच्या काचेखाली ते फूटभर खिंडार चारी बाजूंनी व्यवस्थित झाकलं गेलं, कुठे इंचभरही उघडं राहिलं नाही. नियोजन म्हणतात ते याला. 'उत्कृष्ट नियोजनाबद्दल', खाली तीन सह्या, त्यातली एक वाचता येते.

कारागीर पुढच्या आठवड्यात सिमेंट घेऊन आला, तेव्हा आईने त्याला दारातूनच परत पाठवलं. मी तिला विचारलं, अगं, भरू दे ना, मग फ्रेम परत स्वयंपाकघरात कुठेतरी लावता येईल.

"राहू दे," आई म्हणाली. "तुला जेवताना समोर दिसत होती तेव्हा तुला काही सुचत नव्हतं. आता मला उठल्या उठल्या दिसते, आणि मला तुझं कौतुक वाटतं."